अर्ध्या दृष्टीची साक्ष

शास्त्रवाचन : मार्क ८:२२-२६



शुभवर्तमानांत आरोग्यदानाचे जेवढे प्रसंग आहेत, त्यांत बेथसैदा येथील आंधळ्याचा प्रसंग एका बाबतीत अगदी एकटा आहे. येथे प्रभू येशू हात ठेवतो आणि मनुष्य पूर्ण बरा होत नाही. अर्धवट बरा होतो. हा प्रसंग मार्कानेच तेवढा नमूद केला आहे. मत्तय व लूक ह्यांच्या ग्रंथांत मार्काचा पुष्कळ मजकूर आढळतो, पण हा आढळत नाही. त्यांनी तो का घेतला नसावा ह्याविषयी टीकाकारांनी नाना तर्क केले आहेत. आपण त्या तर्कांत न शिरता मार्काने जे लिहिले आहे तेच पाहू या.

गावातील लोक त्या मनुष्याला घेऊन येतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि मग त्याला विचारतो की, काही दिसते का. यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाला प्रभूने विचारले ते उपचारापूर्वी, त्याची इच्छा जाणून घेण्यासाठी. येथे प्रश्न उपचारानंतरचा आहे. गुण आला की नाही, हे स्वतः वैद्य रोग्याच्या तोंडून ऐकू इच्छितो. मूळ ग्रीक क्रियापदाचे रूप अपूर्ण भूतकाळाचे आहे; ‘विचारले’ ह्यापेक्षा ‘विचारत होता’ असा त्याचा भाव आहे. उत्तर ऐकण्यासाठी प्रभू थांबला आहे.

आता त्या मनुष्याचे उत्तर पाहा. त्याला माणसे दिसतात, पण झाडांसारखी, आणि ती चालत आहेत. ग्रीकमध्ये हे वाक्य सरळ नाही. एकदा ‘पाहतो’ म्हणून झाल्यावर मध्येच ‘कारण’ असा जोड येतो, मग झाडे येतात, मग पुन्हा ‘पाहतो’ येते आणि शेवटी ‘चालणारे’ हा शब्द येतो. त्याचे लिंग माणसांशी जुळते, झाडांशी नाही. बोलणाऱ्याला जे दिसत होते त्यासाठी त्याच्यापाशी तयार शब्द नव्हते; म्हणून वाक्य अडखळले. काही जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य सोपे व गुळगुळीत केलेले आढळते. भाषांतराच्या कामात पुष्कळ वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला नकलनविसांचा हा मोह चांगला समजतो. अडखळणारे वाक्य दिसले की हात शिवशिवतात. परंतु मार्काने ते अडखळतच ठेवले, आणि तसे ठेवण्यात त्याने आपल्यावर उपकार केले आहेत असे मला वाटते.

ह्या शास्त्रभागाकडे मी अलीकडे पुन्हा वळलो त्याला एक निमित्त घडले. मध्य प्रदेशातील एका शहरात स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील एक भगिनी, निवृत्त शिक्षिका, गेली काही वर्षे मज्जातंतूंच्या वेदनेने पिडलेल्या आहेत. कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. दाबलेली नस मोकळी झाली असे चित्रांत दिसले. पण डाव्या पायातील आग गेली नाही. पायावर चादर पडली तरी त्या कळवळत. औषधांनी गुंगी येई, वेदना मात्र जात नसे. शेवटी डॉक्टरांनी त्यांना सुचवले की, मज्जारज्जूला विजेची सूक्ष्म स्पंदने देणारे यंत्र शरीरात बसवता येते. परंतु ते कायमचे बसवण्यापूर्वी आठवडाभर त्याची चाचणी घ्यावी लागते. बाईंनी मला पत्र लिहून दोन प्रश्न विचारले. पहिला, ही चाचणी घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे आहे काय? दुसरा प्रश्न त्यांनी चाचणीनंतर विचारला, आणि तोच अधिक कठीण होता. त्याकडे पुढे येऊ.

प्रथम ही वेदना म्हणजे काय ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्या व्यासपीठांवरून वेदनेविषयी जे बोलले जाते ते पुष्कळदा येथे लागू पडत नाही. डॉ. पॉल ब्रँड ह्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत १९१४ साली मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या ह्या शल्यवैद्याने वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांची सेवा केली. रोग्यांची बोटे झिजतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिले, आणि वेदना ही देवाची देणगी आहे असे ते आग्रहाने सांगत. पुढे अमेरिकेत त्यांनी बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना निर्माण करणारे यंत्र घडवण्याचाही प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. धोक्याचा इशारा नकोसा झाला की रोगी यंत्रच बंद करीत. डॉ. ब्रँड ह्यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु ते ज्या वेदनेविषयी बोलत होते ती इशारा देणारी वेदना आहे. घरात आग लागली म्हणून वाजणारी ती घंटा होय. मज्जातंतूलाच इजा झाली की आग विझल्यावरही घंटा वाजत राहते. कधीकधी आग लागलेलीच नसते. नागीण बरी झाल्यावर राहणारी जळजळ, मधुमेहाने तळपायांत होणारी आग, शस्त्रक्रियेनंतर न जाणारी पायाची कळ ह्या प्रकारच्या आहेत. अशा रोग्यापुढे ‘वेदना ही देणगी आहे’ असे म्हणणे म्हणजे बिघडलेल्या घंटेखाली रात्रंदिवस बसलेल्या माणसाला घंटेची उपयुक्तता समजावणे होय.

आता यंत्राविषयी. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली असा सिद्धान्त मांडला की, मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी एक प्रकारचे दार असते आणि स्पर्शाचे संदेश ते दार काही अंशी लोटू शकतात. गुडघा आपटला की आपण तो नकळत चोळतो, ते ह्याच कारणाने. दोन वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत डॉ. नॉर्मन शिली ह्यांनी कर्करोगाच्या वेदना असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर पहिल्यांदा असे यंत्र बसवले. त्यानंतरच्या संशोधनाने दाराची ती कल्पना बरीच गुंतागुंतीची ठरवली, यंत्रेही बदलली. पूर्वी वेदनेच्या जागी मुंग्या येत. आता सेकंदाला दहा हजार स्पंदने देणारी, मुंग्या न आणणारी यंत्रेही आहेत. मधुमेहाने होणाऱ्या वेदनेसाठी अशा यंत्राला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. हृदयाचा पेसमेकर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या यंत्राच्या आकाराची कल्पना येईल.

चाचणीची रीत अशी. पाठीची जागा बधिर करून सुईवाटे एकदोन बारीक तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत सरकवतात. पुष्कळदा रुग्ण त्या वेळी जागा असतो. तारांची बाहेरची टोके पट्ट्याला लावलेल्या छोट्या यंत्राला जोडतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. तो आठवडाभर वेदनेची नोंद ठेवतो : शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य. वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झाली तर चाचणी यशस्वी समजण्याचा प्रघात आहे; झोप लागते काय, चालता येते काय, हेही पाहतात. चाचणीच्या तारा मग काढून टाकतात. यश आले असेल तर पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून तारा व बॅटरी कातडीखाली कायमची बसवतात. ह्या सर्वांत रोग जात नाही, इजा झालेला तंतू दुरुस्त होत नाही. वेदना जितकी कमी होईल तितका लाभ.

बाईंचा पहिला प्रश्न आता घेऊ. मंडळीतील एका वडिलांनी त्यांना अनुवादाच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायाची आठवण करून दिली होती, जेथे देवाची परीक्षा पाहू नये अशी आज्ञा आहे. चाचणी म्हणजे परीक्षाच, असा त्यांचा युक्तिवाद. येथे भाषांतरकाराला बोलणे भाग आहे. त्या आज्ञेच्या जुन्या ग्रीक भाषांतरात जे क्रियापद आहे तेच प्रभूने अरण्यात सैतानाला उत्तर देताना मत्तयाच्या ग्रंथात येते, आणि त्याचा अर्थ अविश्वासाने देवाला कसोटीला लावणे असा आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरून ठेवायला सांगतो. तेथे क्रियापद वेगळे आहे. ते नाणी व धातू पारखण्याच्या व्यवहारातून आलेले आहे. सराफ सोने कसावर घासतो त्यात सोन्याचा अपमान नाही. यंत्राची चाचणी ही दुसऱ्या प्रकारची आहे. तीत यंत्र पारखले जाते, देव नव्हे.

शिवाय ज्या पौलाने आपल्या देहातील शूलासाठी तीनदा विनवणी केली आणि ज्याचा शूल निघाला नाही, त्याच पौलाच्या नावाच्या पत्रात तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याची सूचना आहे (१ तीमथ्य ५:२३). शूल काय होता हे कोणी सांगू शकत नाही. मूळ शब्दाचा अर्थ जुन्या ग्रीकमध्ये अणकुचीदार खुंटा असा, तर जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, उदाहरणार्थ गणना ३३:५५ येथे, काट्यासारखा टोचणारा पदार्थ असा आहे. आपल्याला नकार मिळाला म्हणून पौलाने तीमथ्याला औषध नाकारले नाही. हिज्कीयाला तर देवाने बरे करण्याचे वचन आधी दिले आणि नंतर यशयाने अंजिरांची चांदकी फोडावर बांधवली (२ राजे २०). वचन आणि लेप एकाच अध्यायात आहेत.

एक गंमतीची गोष्ट जाता जाता सांगतो. पौलाच्याच काळात, क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत, स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमी वैद्य डोकेदुखीवर व पायाच्या संधिवातावर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा लावण्याचा उपाय लिहून ठेवत होता. जागा बधिर होईपर्यंत मासा तेथेच ठेवावा असे त्याचे सांगणे. वेदनेवर वीज वापरण्याची कल्पना काही आजची नाही.

तेव्हा बाईंना मी लिहिले की, चाचणी अवश्य घ्या. त्यांनी ती घेतली. आठवडा संपला आणि दुसरे पत्र आले.

त्या आठवड्याच्या मागे काय काय उभे होते ते ध्यानात घ्या. अशा उपचारास काही लाख रुपये लागतात. चाचणीचा खर्च वेगळा. मुलाने कर्जाची व्यवस्था करून ठेवली होती. मंडळीने उपास व प्रार्थना केली होती. तिसऱ्या दिवशी झोप लागली असे बाईंनी फोनवर म्हटले आणि संध्याकाळपर्यंत ‘प्रभूने बरे केले’ अशी वार्ता चार शहरांतील नातेवाइकांपर्यंत गेली. उपकारस्तुतीच्या सभेचा दिवसही ठरला. आणि सातव्या दिवशी डॉक्टरांनी वही समोर ठेवून विचारले, किती फरक आहे?

वहीत असे होते : पोटरीची आग आठावरून चारावर आलेली. तळपायाची आग आठ, शेवटपर्यंत आठ. झोप दोन तासांवरून पाच तासांवर. सर्व मिळून किती, ह्या प्रश्नाला खरे उत्तर एक तृतीयांशाच्या आसपास होते. दारात मुलगा उभा होता. ‘निम्मे’ एवढा एकच शब्द उच्चारला की सगळ्यांचे समाधान होणार होते.

मराठी भाषेने ह्या बाबतीत आपली मोठी सोय करून ठेवली आहे. ‘बरा झाला’ म्हणजे रोगमुक्त झाला. आणि ‘कसे आहे?’ ह्याला ‘बरे आहे’ असे उत्तर दिले तर त्याचा अर्थ ‘चालले आहे कसेबसे’ असाही होतो. उपासनेनंतर मंदिराच्या दारात आपण हा शब्द किती सहज वापरतो! त्याला ‘प्रभूच्या कृपेने’ जोडले की पुढचा प्रश्नच बंद होतो. आपल्या घरांतील स्त्रिया तर ह्या एका शब्दाखाली वर्षानुवर्षांचे दुखणे झाकून ठेवतात. वेदनेचे असे आहे की, क्ष-किरणांत ती दिसत नाही, रक्तात सापडत नाही. तिला साक्षीदार एकच, ज्याला ती होते तो. त्या एका साक्षीदाराने ‘बरे आहे’ म्हटले की खटला संपला.

बाईंनी ‘निम्मे’ म्हटले नाही. पोटरीला फरक आहे, तळपायाला नाही, झोप लागते, असे त्यांनी जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांनी यंत्राच्या मांडणीत बदल करून आणखी दोन दिवस पाहिले. तळपाय तसाच राहिला. तारा काढल्या गेल्या. कायमचे यंत्र बसवण्याचा सल्ला डॉक्टरांना देता आला नाही. पुढच्या रविवारी बाईंनी मंडळीपुढे उभे राहून तेच सांगितले, आणि एका वडिलांनी नंतर त्यांना म्हटले की, अशा साक्षीने दुर्बळांचा विश्वास डळमळतो. बाईंचा दुसरा प्रश्न हाच होता : मी बोलायला नको होते काय?

बेथसैदाच्या मनुष्यापुढे हाच मोह किती मोठा होता ह्याचा विचार करा. ज्याने हात धरून इतका वेळ चालवत आणले, स्वतःच्या हातांनी स्पर्श केला, तो प्रत्यक्ष प्रभू समोर उभा राहून विचारीत आहे. अशा वेळी ‘होय प्रभू, दिसते’ असे म्हणणे किती सोपे, किती विनयाचे, किती धार्मिक वाटले असते! ते पूर्ण खोटेही ठरले नसते. काहीतरी दिसत होतेच. पण त्याने झाडे सांगितली. प्रभूने त्याला दोष दिला नाही, विश्वास कमी पडला असे म्हटले नाही. त्याने पुन्हा हात ठेवले. दुसरा स्पर्श त्या अडखळलेल्या वाक्याला मिळालेले उत्तर आहे. त्या मनुष्याने पहिल्याच प्रश्नाला ‘बरे आहे’ म्हटले असते तर दुसऱ्या स्पर्शाचे कारण उरले नसते. मग तो झाडांमधूनच घरी गेला असता.

मी बाईंना लिहिले की, आपली साक्ष शास्त्राला धरून आहे. ज्या वडिलांना ती दुर्बळ वाटली त्यांनी मार्काचा आठवा अध्याय पुन्हा वाचावा.

येथे वैद्यकशास्त्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ह्या यंत्रांचा लाभ पुष्कळांना झाला आहे. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पाय दुखत राहिलेल्या १०० रुग्णांवरील एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने कमी झालेले रुग्ण यंत्राच्या गटात ४८ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ९ टक्के होते. उलट २०२२ साली नॉर्वेतील ५० रुग्णांवर एका विशिष्ट पद्धतीच्या स्पंदनांची परीक्षा झाली. यंत्र काही महिने चालू, काही महिने बंद ठेवले गेले; केव्हा काय, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन्ही काळांत त्यांच्या हालचालींवरील मर्यादांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ह्या सर्वांची चाचणी आधी यशस्वी ठरलेली होती. आशा, काळजी घेणारी माणसे, आठवडाभराचे कौतुक ह्यांनीही वेदना खरोखर हलकी होते, आणि मग ती परतते. म्हणून कोणी जाणूनबुजून खोटे बोलत नसला तरी खरे उत्तर सापडणे अवघड असते. जो जाणूनबुजून ‘निम्मे’ म्हणतो, त्याच्या वाट्याला शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाचा धोका, जागेवरून सरकणारी तार, काही वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी आणि कर्ज एवढे सर्व येते, आणि वेदना तेथेच असते. बारा वर्षे रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीने वैद्यांवर सर्व काही खर्चले आणि तिचे दुखणे वाढलेच, हे मार्काने पाचव्या अध्यायात आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

पौलाच्या शूलाकडे पुन्हा जाण्याची येथे गरज आहे, कारण बाईंना दुसरा स्पर्श अद्याप मिळालेला नाही आणि मिळेलच असे मी त्यांना लिहू शकलो नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपली विनवणी तीनदा झाल्याचे मोजून सांगतो. ज्या करिंथमध्ये मोठमोठ्या दृष्टान्तांची प्रौढी मिरवली जात होती, तेथे प्रेषिताने आपली न ऐकली गेलेली प्रार्थना पत्रात लिहून पाठवली. तीही साक्षच होती, आणि मंडळीत ती मोठ्याने वाचली गेली असणार. शूल निघाला असे सांगून त्याला करिंथकरांची तोंडे बंद करता आली असती. कृपा पुरेशी आहे हे उत्तर त्याला शूल असतानाच मिळाले, आणि शूल आहे हे त्याने लपवले नाही म्हणूनच ते उत्तर आपल्यापर्यंत आले.

ज्यांच्या मंडळीत कोणी ह्या चाचणीला सामोरे जाणार असेल त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक लिहितो. त्या आठवड्यात रुग्णाला वाकणे, पाठ पिळवटणे, वजन उचलणे वर्ज्य असते, नाहीतर तार सरकते. तेव्हा स्वयंपाक, पाणी भरणे, कपडे धुणे ही कामे दुसऱ्या कोणीतरी वाटून घ्यावीत. स्नान करता येत नाही आणि जखमेला जंतुसंसर्गाचे भय असते. म्हणून दहावीस जणांनी एकदम भेटीस जाऊन पलंगाभोवती बसू नये. वही रुग्णाची आहे, ती मागून वाचू नये. उपकारस्तुतीचा दिवस आठवडा संपेपर्यंत ठरवू नये. फोन केलात तर ‘बरे आहे ना?’ असे विचारू नका. त्यात उत्तर आधीच घातलेले असते. काही जाणवते का, असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.